शेगडीपाशी सुरू होणारा धडा

दहावीसाठी २०१८ साली आलेल्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पाठ्यपुस्तकात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा आहे. वीज तयार करण्याच्या वेगवेगळ्या पद्धती त्यात एकामागून एक येतात: कोळसा, अणुऊर्जा, नैसर्गिक वायू, पाणी, वारा, सूर्य. धड्याची मांडणी आम्हाला आवडली हे आधीच सांगून टाकतो. इंधन कोणतेही असो, शेवटी जनित्र फिरवायचे असते आणि त्यासाठी झोतयंत्राची पाती फिरवावी लागतात, हे सूत्र धड्याने घट्ट धरून ठेवले आहे. ऊर्जेचे रूपांतर टप्प्याटप्प्याने दाखवणारी रेखाटने फळ्यावर काढायला सोपी आहेत. मुलांना ती लक्षातही राहतात.

आमची तक्रार नैसर्गिक वायूच्या भागाबद्दल आहे. धडा सांगतो की वायूवर चालणाऱ्या केंद्राची कार्यक्षमता कोळशाच्या केंद्रापेक्षा जास्त असते आणि या वायूत गंधक नसल्यामुळे प्रदूषण कमी होते. दोन्ही विधाने चूक नाहीत. पण ती कुठल्या ठिकाणी उभे राहून केली आहेत ते पाहा. रेखाटन सुरू होते ज्वलनकक्षापासून. वायू तिथवर आला कसा, वाटेत त्याचे काय झाले, याबद्दल अवाक्षर नाही.

गंधकाचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या समुद्रातील वसई क्षेत्रातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. हा वायू समुद्राखालच्या नळाने गुजरातेत हजिऱ्याला जातो, तिथे तो धुऊन काढतात आणि वेगळे झालेले गंधक विकतात. म्हणजे 'वायूत गंधक नाही' हे वाक्य हजिऱ्याच्या अलीकडे खरे आहे, पलीकडे नाही. एवढ्याशा वाक्यात एक अख्खा कारखाना गडप झाला आहे! गंधकाच्या बाबतीत या गाळण्याने फारसे बिघडत नाही. मिथेनच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि बरेच बिघडते.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. तेवढीच वीज कोळशापासून करताना जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्याच्या साधारण निम्माच इथे पडतो, म्हणून वायूला स्वच्छ इंधन म्हणायचे. पण न जळता हवेत निसटलेला मिथेन उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे असतो. समान वजनाची तुलना केली तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २७ ते ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून थोडा अधिक. दोन हिशेब एवढे वेगळे का? मिथेन हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो. सुरुवातीला जोर मोठा, मग ओसरतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके रेंगाळतो.

आता प्रश्न असा पडतो की विहिरीपासून ज्वलनकक्षापर्यंत किती मिथेन निसटला तर कोळशावरची आघाडी संपते? २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचे उत्तर काढले: सुमारे ३.२ टक्के. गळती याहून जास्त असेल तर कोळसा सोडून वायू घेण्याचा हवामानाला लगेच काही फायदा होत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी इतरांसह २०१८ साली अमेरिकेतल्या तेल आणि वायूच्या साखळीची प्रत्यक्ष मोजणी करून गळतीचा आकडा मांडला: एकूण उत्पादनाच्या २.३ टक्के. सरकारी अंदाजापेक्षा हा आकडा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे 'स्वच्छ इंधन' हा किताब एक टक्क्याच्या आत-बाहेर लटकतो आहे. आपला धडा छापला गेला तेही वर्ष २०१८च. धड्याला हा ताजा आकडा माहीत असायला हवा होता असे आम्ही म्हणत नाही. पण 'वाटेत निसटते' एवढे तरी म्हणायला जागा होती.

गळती म्हटले की डोळ्यांसमोर फुटका नळ येतो. वायूच्या विहिरीवरची मोठी गंमत अशी की तिथला बराच मिथेन कुठे काही फुटलेले नसतानाही बाहेर पडतो. विहिरीतून वायूबरोबर पाणी आणि हलके तेलही येते. ते वेगळे करण्यासाठी एक उभे किंवा आडवे भांडे असते. त्यात द्रव ठरावीक पातळीपर्यंत चढला की खालची झडप उघडली पाहिजे, उतरला की मिटली पाहिजे. ही झडप हलवणार कोण? ओसाड जागी वीज नसते. पण दाबाखालचा वायू तर हाताशी आहे. म्हणून त्याच वायूचा थोडा अंश बारीक नळीने एका पडद्यावर सोडतात, पडदा दाबला जातो, झडप हलते. काम झाल्यावर पडद्यामागचा वायू कुठे जातो? हवेत. ही चूक नव्हे, रचनाच तशी आहे. काही नियंत्रकांतून तर झडप हलत नसतानाही वायू अखंड झिरपत राहतो.

अमेरिकेत पूर्वी हिशेबासाठी धरल्या जाणाऱ्या सरासरीप्रमाणे जास्त झिरपणारा एक नियंत्रक तासाला सुमारे ३७ घनफूट, म्हणजे हजार लिटरच्या आसपास वायू सोडतो. कमी झिरपणारा सोडतो सुमारे ४० लिटर. काम दोघांचे सारखेच. २०१२ सालच्या नियमाने तिथे विहिरींवरच्या नव्या, अखंड झिरपणाऱ्या नियंत्रकांना तासाला ६ घनफुटांची मर्यादा घातली. यापुढची पायरी म्हणजे वायूऐवजी दाबलेली साधी हवा वापरायची, किंवा सौर पट्टीवर चालणारी विजेची झडप बसवायची. मग नियंत्रकातून मिथेन निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे झिजलेले पॅकिंग वेळेवर बदलणे, तेलाच्या टाक्यांवर जमणारी वाफ ओढून घेऊन पुन्हा नळात घालणे, हेही उपाय आहेत. यातला एकही उपाय दहावीच्या मुलाला कळणार नाही इतका अवघड नाही. पाना, पॅकिंग, पडदा आणि झडप, एवढेच तर त्यात आहे. आपल्याकडे ओएनजीसीने २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याबरोबर याच कामासाठी करार केला होता. तरीही आमच्या पाहण्यातल्या शालेय पुस्तकांत या कामाचा मागमूस नाही.

इथे जालना जिल्ह्यातला एखादा शिक्षक म्हणेल, 'साहेब, आमच्याकडे वायूची विहीर कुठली? पाण्याच्या विहिरींची मारामार!' खरे आहे. बदनापूर असो की घनसावंगी, पायाखाली काळा बेसॉल्ट. मुंबईचा समुद्र कित्येक कोस दूर. उरण आणि अंजनवेलची वायू-वीजकेंद्रे मुलांनी पाहिलेली नसतात. म्हणूनच या भागाची दुसरी बाजू आम्हाला महत्त्वाची वाटते. मिथेन तयार करणारी, साठवणारी आणि नळाने नेणारी यंत्रणा या जिल्ह्यातल्या मुलांना गोठ्याजवळ बघायला मिळू शकते. तिला आपण गोबरगॅस म्हणतो.

तेव्हा गोबरगॅसचा धडाही तपासायला हवा. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकात २००६ सालापासून 'ऊर्जेचे स्रोत' या प्रकरणात तो होता (२०२३च्या आवृत्तीतून अख्खे प्रकरणच वगळले, त्याचे दुःख वेगळे). तिथे विटांच्या घुमटाची आकृती होती आणि गोबरगॅसचे गुण सांगितले होते: मिथेनचे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत, धूर नाही, राख नाही, उष्णता भरपूर, उरलेला काला उत्तम खत. ७५ टक्के ही कमाल मर्यादा झाली. नुसत्या शेणावर चालणाऱ्या टाकीत ५५ ते ६० टक्के धरणे बरे. पण मुख्य मुद्दा पुन्हा तोच. हे सगळे गुण शेगडी पेटल्यानंतरचे आहेत. धडा शेगडीपाशी सुरू होतो. टाकी आणि नळ आकृतीत असतात ते नावे देण्यापुरते. परीक्षेतही 'फायदे लिहा' हाच प्रश्न येतो, आणि मुले चार फायदे लिहून मोकळी होतात.

टाकीकडे जरा निरखून पाहू. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या जुन्या नमुन्यात लोखंडी डोम शेणकाल्यावर तरंगतो. डोम वरखाली व्हायचा तर त्याच्या आणि विहिरीच्या भिंतीमध्ये फट हवीच. त्या फटीतल्या काल्यातून बुडबुडे वर येतात, ते डोममध्ये न जाता थेट हवेत जातात. १९८४ साली आलेल्या दीनबंधू नमुन्यात घुमट पक्का, विटा-सिमेंटचा. गॅस साठला की तो काल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो. त्या उघड्या कुंडीतला काला अजून कुजतच असतो, आणि त्यातून मिथेन निघत राहतो. ही फट आणि ही कुंडी म्हणजे विहिरीवरचा झिरपणारा नियंत्रकच. बिघाड नाही, रचनेचाच भाग. त्यात नेहमीचे बिघाड मिळवा: गंजून भोक पडलेला डोम, घुमटाच्या गिलाव्याला गेलेली चीर, सैल कॉक, उन्हाने कडक झालेला रबरी पाइप. लोखंडी डोममध्ये दाब असतो पाण्याच्या उंचीने मोजला तर ८-१० सेंटिमीटर. पक्क्या घुमटात तो मीटरभरापर्यंत चढू शकतो. तेव्हा भोक तेवढेच असले तरी घुमटाची गळती मोठी.

आणखी एक गळती अशी आहे की ती कुठल्याच आकृतीत दाखवता येत नाही, कारण ती घरातल्या माणसांच्या वेळापत्रकात असते. घनसावंगी-अंबडकडची काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जनावरे बरोबर नेली तरी टाकी जागेवरच राहते. आत ३० ते ४० दिवसांचा काला असतो, तो कुजायचा थांबत नाही. शेगडी बंद, डोम भरतो, आणि जादा गॅस कडेने बुडबुडत निघून जातो. उन्हाळ्यात उष्णतेने गॅस जास्त बनतो, लागतो मात्र तेवढाच. घरात सिलिंडर आला की गोबरगॅसवर फक्त चहा होतो. आणि दुष्काळ! जितके शेण तितकेच पाणी कालवावे लागते. ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी. २०१२-१३ साली जालन्यात माणसांना प्यायला टँकर होते. अशा वर्षी रोज चार-पाच कळशा पाणी शेणात ओतायला कोण धजेल? टाकी सुकते, डोम गंजतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा सुरू केली तर तो छिद्रांसकट सुरू होतो. किती टाक्या बांधल्या हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. त्यांतल्या किती शेगड्या आज पेटल्या, हा आकडा मिथेनच्या दृष्टीने जास्त बोलका ठरला असता.

हे सगळे किती महत्त्वाचे, हे नुसत्या शब्दांनी कळणार नाही. गणित करू. चार-पाच जनावरांच्या ५० किलो शेणावर २ घनमीटरची टाकी चालते. रोज २ घनमीटर गॅस, त्यात ५५ टक्के धरला तर १.१ घनमीटर मिथेन. वजन सुमारे ७३० ग्रॅम. हा सगळा गॅस जळला तर स्वयंपाकाचा सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडर-गॅस वाचतो, म्हणजे रोज २.७ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. (गोबरगॅस जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, तो चाऱ्याने हवेतूनच घेतलेला असतो.) आता दहा टक्के निसटला असे माना. ७३ ग्रॅम मिथेन. त्याला २७ ने गुणले तर जवळपास २ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. उरलेल्या नव्वद टक्क्यांनी वाचवले २.४३ किलो. पदरात पडले अर्धा किलोहूनही कमी. गळती १२ टक्क्यांवर गेली की पदरात शून्य. वीस वर्षांचा हिशेब धरून ८० ने गुणले तर हे शून्य साडेचार टक्क्यांच्या आतच गाठले जाते.

आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००६च्या मार्गदर्शिकेत बायोगॅस संयंत्रांची गळती ० ते १० टक्के मानली आहे आणि माहिती नसेल तिथे ५ टक्के धरा असे म्हटले आहे. म्हणजे ही चर्चा कुठल्या टोकाच्या, मोडक्या टाकीची नाही. साधारण बऱ्या टाकीची आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला: ही तुलना सिलिंडरशी केली, चूल आणि गोवऱ्यांशी केली असती तर? तर गोबरगॅसची बाजू वरचढ ठरते. चुलीच्या धुरात अर्धवट जळलेले वायू आणि काजळी असते आणि ते सगळे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाते. डोळ्यांची आग आणि खोकला कुठल्याच २७ने गुणून मोजता येत नाही. शिवाय काल्याचे खत मिळते ते वेगळे. दुसरा: शेण नुसते उकिरड्यावर पडले असते तरी मिथेन निघालाच असता ना? निघाला असता, पण थोडा. मिथेन बनवणारे जिवाणू हवा लागली की काम करत नाहीत. मोकळ्या रानात वाळणाऱ्या पोट्यातून किंवा भिंतीवर थापलेल्या गोवरीतून मिथेन फार कमी येतो. टाकीत आपण मुद्दाम हवा तोडतो आणि शेणाकडून होईल तेवढा मिथेन काढून घेतो. एकदा तो बनवला की तो जाळण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. गोबरगॅस नको असे आम्ही म्हणत नाही. पाठ्यपुस्तकाने त्याच्याकडे जाहिरातदाराच्या नजरेने पाहू नये, एवढेच म्हणणे आहे.

प्रमाणाचेही भान हवे, नाहीतर मुले घरी जाऊन आजीच्या गोबरगॅसलाच गुन्हेगार ठरवतील. वर सांगितलेला जास्त झिरपणारा एक नियंत्रक दिवसाला २५ घनमीटरच्या आसपास वायू हवेत सोडतो. २ घनमीटरच्या बारा टाक्या दिवसभर मिळून जेवढा गॅस देतील तेवढा. फक्त मिथेन मोजला तर अठरा-वीस टाक्यांचा. एका झडपेमागचे तळहाताएवढे यंत्र, आणि अठरा-वीस गोठे! हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. आणखी एक फरक: गोबरगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असल्याने गळती नाकाला कळते, घरची बाई 'गॅसचा वास येतोय' म्हणते. स्वच्छ केलेल्या नैसर्गिक वायूला वासच नसतो. घरोघरी देताना त्यात मुद्दाम वास मिसळतात. ओसाड विहिरीवर तर वास घ्यायला कोणी नसते. तिथे अवरक्त किरणांचा कॅमेरा लागतो.

मग वर्गात काय करायचे? ज्वलनकक्षाचे रेखाटन काढताना त्याच्या डावीकडे फळ्यावर थोडी जागा सोडावी. तिथे विहीर, विलगक भांडे, झडप, कॉम्प्रेसर, लांब नळ, शुद्धीकरण काढावे आणि प्रत्येक चित्रापासून वर जाणारा एक तुटक बाण. मुलांनीच सांगावे कुठून काय निसटेल. पाच मिनिटांचे काम आहे.

जवळपास चालू गोबरगॅस असेल तर मात्र एक तास बाहेर काढावाच. साबणाचे दाट पाणी ब्रशने कॉक आणि सांध्यांवर लावायचे. बुडबुडा फुगला की गळती सापडली. (काडी पेटवून गळती शोधण्याचा आचरटपणा कोणी करू नये, आणि टाकीत डोकावू तर मुळीच नये.) दुसरा प्रयोग त्याहून छान आहे. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून एका पट्टीवर बांधायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचे आणि तिचे एक टोक शेगडीजवळच्या पाइपला जोडायचे. शेगडी बंद ठेवून डोमवरचा कॉक उघडला की एका भुजेतले पाणी चढते. दोन्ही भुजांतला फरक हा गॅसचा दाब. लोखंडी डोम असेल तर तो आठ-दहा सेंटिमीटर भरेल. पक्क्या घुमटाला त्याहून पुष्कळ लांब नळी लागेल. आता डोमवरचा कॉकही बंद करायचा. पाइपात कोंडलेल्या गॅसला जायला जागा नसेल तर पाणी जागेवर राहील. अर्ध्या तासात ते उतरू लागले तर दोन कॉकांच्या मधे कुठेतरी गळती आहे. मग पुन्हा साबण घेऊन सांधा न् सांधा तपासायचा. सापडला की पक्कड, नवी क्लिप, किंवा पाइपाचा कडक झालेला तुकडा कापून टाकणे. खर्च चहाच्या पैशांएवढा.

डोमच्या फटीचा हिशेब अर्थातच यात येत नाही. तो मे महिन्यातल्या दुपारी करावा. डोम पूर्ण वर आलेला असतो, कडेने बुडबुडे येत असतात, आणि घरातले जेवण उरकलेले असते. घरच्यांना विचारावे, अशा वेळी शेगडीवर गुरांचे आंबोण शिजवायला किंवा पाणी तापवायला ठेवले तर चालेल का? डोम दोन बोटे उतरायला शेगडी किती मिनिटे जाळावी लागते, ते वहीत लिहून आणायला सांगावे.